वीज गेल्यावर लॉग कुठे शोधाल?

यंत्र बंद पडलं की पहिला प्रश्न एकच असतो: शेवटी झालं काय? लिनक्सवर त्याचं उत्तर लॉगमध्ये मिळतं. हा लॉग साध्या टेक्स्टमध्ये ठेवावा की बायनरी फाइलमध्ये, यावर लिनक्सवाले २०११ पासून भांडतायत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीसाठी ‘जर्नल’ची कल्पना मांडली. तोवर जवळपास तीस वर्षं सिसलॉगचं राज्य होतं. एरिक ऑलमनने तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीत लिहिला, तोही सेंडमेल या टपालाच्या प्रोग्रामची सोय म्हणून. इतका सोपा होता की बाकीच्यांनीही उचलला. एक ओळ, एक नोंद, कुठल्याही एडिटरात उघडा आणि वाचा. जर्नलची फाइल मात्र तशी उघडलीत तर पहिली आठ अक्षरं ओळखीची दिसतील आणि पुढे सगळा कचरा. ती वाचायला जर्नलसीटीएल हीच आज्ञा लागते.

मोठ्या शहरातल्या वातानुकूलित डेटा सेंटरात बसून या वादात कुठलीही बाजू घेतली तरी चालून जातं, कारण तिथे वीज जातच नाही. दापोली तालुक्यातल्या, किनाऱ्यावरच्या हर्ण्यात तसं नाही. बर्फाच्या कारखान्यात तापमान टिपणारा रास्पबेरी पाय असो, मच्छीमार सोसायटीच्या डिझेलच्या हिशेबाचा संगणक असो, की किनाऱ्यावरच्या लॉजमधलं बिलांचं मशीन, प्रत्येकाला पावसाळ्यात दिवसातून दोनदा तरी हिसका बसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर दापोली तालुक्यातल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. त्यात खारी हवा. मदरबोर्डवरच्या बटण-सेलचे संपर्क गंजतात आणि यंत्राचं घड्याळही बेभरवशाचं होतं. हा लेख अशा यंत्रांची देखभाल करणाऱ्यांसाठी आहे. आज्ञा आणि सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, फोनवरून एकमेकांना सांगतो तशी. आज्ञा टंकताना सगळी अक्षरं लहान. सेटिंगांच्या नावांत मात्र प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल.

मत आधीच सांगून टाकतो. रोजच्या शोधाशोधीला बायनरी जर्नल चांगलं. यंत्राबाहेर जी प्रत ठेवायची ती टेक्स्टमध्ये. पण वीज जाणाऱ्या गावात फॉरमॅटपेक्षा तीन-चार सेटिंगं महत्त्वाची ठरतात, आणि ती बहुतेकांनी कधी उघडून पाहिलेली नसतात.

नोंद मुळात राहते का?

यंत्र पुन्हा चालू झाल्यावर टर्मिनलमध्ये ‘जर्नलसीटीएल डॅश डॅश लिस्ट डॅश बूट्स’ द्या. एकाच बूटची ओळ आली तर समजा, मागच्या वेळी काय घडलं याचा मागमूसही शिल्लक नाही. जर्नलचं ‘स्टोरेज’ हे सेटिंग सहसा ‘ऑटो’वर असतं. त्याचा अर्थ असा की व्हार-लॉगच्या आत ‘जर्नल’ नावाचा फोल्डर असेल तर नोंदी डिस्कवर जातील, नसेल तर रन-लॉगमध्ये, म्हणजे रॅममध्ये. रॅममधलं वीज जाताच गेलं. मग टेक्स्ट की बायनरी या चर्चेला अर्थच उरत नाही. तो फोल्डर तयार करा किंवा ‘स्टोरेज’ला ‘पर्सिस्टंट’ करा, आणि मग ‘जर्नलसीटीएल डॅश डॅश फ्लश’ द्या. पायसारख्या छोट्या बोर्डांवर एसडी कार्ड झिजू नये म्हणून काही वेळा नोंदी मुद्दाम रॅममध्ये ठेवलेल्या असतात, तिथे हे आवर्जून पाहा.

दुसरं सेटिंग ‘सिंकइंटरव्हलसेक’. हे कुणाला ठाऊक नसतं. जर्नल आलेल्या नोंदी डिस्कवर पक्क्या करायला एरवी पाच मिनिटांपर्यंत थांबतं. फक्त ‘क्रिटिकल’ आणि त्यावरच्या पातळीची नोंद आली तर लगेच पक्की करतं. आता वीज जाण्याआधीच्या दोन मिनिटांत कॉम्प्रेसरच्या कंट्रोलरने साधी ‘एरर’ पातळीची ओरड केली असेल, तर नेमकी तीच हाती लागणार नाही. हर्ण्यात मी हा काळ तीस सेकंदांवर आणतो. एसडी कार्डावर त्याने झीज वाढते, हे खरं. पण कार्ड बदलणं स्वस्त पडतं, अख्खी रात्र बिघाड शोधत बसणं महाग. बदल मूळ फाइलमध्ये न करता ‘जर्नलडी डॉट कॉन्फ डॉट डी’ फोल्डरात आपली छोटी फाइल टाकून करा, म्हणजे अपडेट आलं तरी तो पुसला जाणार नाही. मग सिस्टिमसीटीएलने ‘सिस्टिमडी-जर्नलडी’ पुन्हा सुरू करा.

तिसरं, नोंदींचा पूर. एखादा सेन्सर सुटला की प्रोग्राम सेकंदाला शेकडो ओळी ओकू लागतो. जर्नल एका सेवेकडून तीस सेकंदांत साधारण दहा हजार नोंदी घेतं, पुढच्या टाकून देतं आणि ‘इतक्या दाबल्या’ अशी एक ओळ लिहितं. ती ओळ दिसली तर त्या सेवेवर नजर ठेवा. मर्यादा वाढवत बसू नका, बहुतेकदा दुखणं सेवेतच असतं.

बिघडते कोणती फाइल?

बायनरीच्या विरोधात सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे वीज गेली की फाइल बिघडते आणि मग काहीच वाचता येत नाही. यात अर्धं तथ्य आहे. वीज अचानक गेली आणि जर्नलची फाइल उघडीच राहिली, तर पुढच्या वेळी जर्नल तिला बाजूला सारतं, नावाच्या शेवटी टिल्डेचं चिन्ह लावतं आणि नवी फाइल सुरू करतं. जुनी फाइल पुसत नाही. जर्नलसीटीएल तिच्यातल्या शाबूत नोंदी वाचतं. ‘डॅश डॅश व्हेरिफाय’ दिलंत तर अशा फाइलवर ‘फेल’ दिसेल. घाबरून ती डिलीट करू नका. दुरुस्तीचं वेगळं साधन मात्र सिस्टिमडीवाल्यांनी दिलेलं नाही. बाजूला सारा आणि पुढे चला, हेच त्यांचं धोरण. मला ते पटत नाही, पण आहे ते असं आहे.

आता टेक्स्टची बाजू पाहा. हिसका बसल्यावर सिसलॉगची फाइल उघडली की मधेच ‘कॅरट-ॲट, कॅरट-ॲट’ अशी लांबलचक रांग दिसते. फाइलची लांबी वाढली, पण त्या जागेत लिहायचा मजकूर डिस्कवर पोचलाच नाही, म्हणून तिथे शून्य-बाइट उरले. गंमत पुढे आहे. या फाइलवर ग्रेप चालवलात तर तो सापडलेल्या ओळी दाखवायच्या ऐवजी सरळ सांगतो, ‘बायनरी फाइल मॅचेस’. टेक्स्टच्या फाइलला शून्य-बाइट लागले की ग्रेपच्या लेखी ती बायनरी झाली! उपाय सोपा: ग्रेपला ‘डॅश ए’ जोडा, ओळी दिसतात. पण रात्री अकरा वाजता हे माहीत नसलेला माणूस ‘लॉगमध्ये काहीच सापडलं नाही’ असा फोन करतो. शेवटच्या काही ओळी तर दोन्हीकडे जातात. टेक्स्ट लॉग लिहिणारा आरसिसलॉगही दर ओळीमागे ती डिस्कवर पोचली का याची खात्री करत नाही, आणि ते ठीकच आहे, नाहीतर यंत्र कासवाच्या गतीने चालेल. पैसे वाचवायला साध्या स्टॅबिलायझरवर भागवण्यापेक्षा यूपीएस लावा आणि त्याची खूण लिनक्सला पोचवणारा प्रोग्राम बसवा. बॅटरी संपत आली की यंत्र नीट बंद होईल आणि या परिच्छेदातलं निम्मं दुखणं येणारच नाही.

आणि अगदीच वेळ आली, जर्नलसीटीएल हाताशी नाही, तर ‘स्ट्रिंग्ज’ ही आज्ञा जर्नलच्या फाइलवर चालवून पाहा. लहान नोंदी जर्नल आकसून ठेवत नाही, त्यामुळे ‘मेसेज’ आणि पुढे बरोबरचं चिन्ह (=) अशा सुरू होणाऱ्या ओळी कचऱ्यातून वर येतात. वेळ-क्रम नीट कळत नाही, पण काय झालं याचा सुगावा लागतो. बायनरी म्हणजे गूढलिपी नव्हे, एवढं तरी यातून दिसतं.

जुन्या युनिक्सवाल्यांना एक आठवण करून द्यायला हवी. ‘सगळं टेक्स्टमध्ये’ हे युनिक्सचं ब्रीद म्हणून सांगितलं जातं, पण कोण कधी लॉगिन झालं याची डब्ल्यूटीएमपी फाइल जर्नल यायच्या कितीतरी आधीपासून बायनरीच आहे. ती ‘लास्ट’ या आज्ञेनेच वाचतात, आणि त्याबद्दल कुणी कधी भांडलं नाही. तिच्यातलं तारखेचं घर ३२ बिटांचं असल्यामुळे २०३८ च्या अडचणीसाठी आता तिचे वारसदार येऊ लागले आहेत, एवढंच.

घड्याळ थापा मारतं तेव्हा

सेल गंजलेल्या संगणकाचं किंवा मुळात घड्याळ नसलेल्या जुन्या पायचं काय होतं? वीज आली, यंत्र उठलं, आणि त्याला वाटतं अजून परवाची दुपार आहे. इंटरनेट लागेपर्यंतच्या नोंदींवर परवाची वेळ पडते. मग नेटवरून वेळ मिळाली की एकदम दोन दिवसांची उडी. सिसलॉगच्या जुन्या साच्यात महिना, तारीख, वेळ असते. वर्ष नसतं, टाइम झोनही नसतो. फाइलमध्ये ओळी आल्या त्या क्रमानेच लागलेल्या असतात, हे टेक्स्टचं श्रेय. पण उडी कुठे पडली हे शोधायला डोळे फोडावे लागतात. वेळेवरून ग्रेप केलात तर दोन वेगळ्या रात्री एकमेकींत मिसळून येतात.

जर्नल प्रत्येक नोंदीला भिंतीवरच्या घड्याळाची वेळ लावतंच. शिवाय यंत्र उठल्यापासून किती वेळ गेला हे, आणि त्या खेपेचा, म्हणजे त्या एका बूटचा, एक स्वतंत्र क्रमांकही लावतं. त्यामुळे ‘जर्नलसीटीएल डॅश बी डॅश वन’ म्हटलं की मागच्या खेपेची, म्हणजे वीज जाईपर्यंतची कहाणी स्वच्छ मिळते. घड्याळ कितीही खोटं बोललं तरी. त्याला ‘डॅश ई’ जोडलंत तर थेट शेवटाकडे नेतं. ‘डॅश ओ शॉर्ट-मोनोटोनिक’ दिलंत तर तारखेऐवजी ‘उठल्यापासून इतके सेकंद’ असा रकाना दिसतो. बर्फाच्या कारखान्यात कंट्रोलर किती वेळाने अडखळला हे पाहायला तो तारखेपेक्षा जास्त उपयोगी. वीज जाणाऱ्या ठिकाणी बायनरी जर्नलचा सर्वांत मोठा फायदा मला हाच वाटतो. वेगाने शोध, कमी जागा वगैरे जे ढोल वाजवले जातात ते आमच्यासारख्या एका-दोन यंत्रांच्या मालकांना फारसे लागू नाहीत. खेपांच्या यादीतला क्रम घड्याळ मागे गेल्याने कधी हललेला दिसतो. मग यादीतली पहिली-शेवटची वेळ पाहून योग्य खेप निवडा.

ओळ लिहिली कुणी?

हा प्रयोग कुठल्याही साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून करून पाहा. ‘लॉगर’ नावाची आज्ञा आहे, लॉगमध्ये ओळ टाकते. तिला ‘डॅश पी ऑथ डॉट इन्फो’ देऊन पातळी ठरवा, ‘डॅश टी एसएसएचडी’ देऊन दूरून लॉगिन करू देणाऱ्या सेवेचं नाव घाला आणि पुढे अवतरणात इंग्रजीत लिहा, ‘रूटचा पासवर्ड अमुक पत्त्यावरून स्वीकारला’. आता ऑथ-लॉगची टेक्स्ट फाइल उघडा. तिथे एसएसएचडीच्या नावाने ती ओळ बसलेली दिसेल, खऱ्या ओळींच्या पंगतीत. कुणी पाहिलं तर घामच फुटावा, की बाहेरून कुणीतरी शिरलं.

तीच नोंद जर्नलमध्ये ‘डॅश ओ व्हर्बोज’ लावून पाहा. ‘सिसलॉग-आयडेंटिफायर’ या घरात एसएसएचडी हेच नाव दिसेल, कारण ते लिहिणाऱ्याने स्वतः दिलं. पण खाली अंडरस्कोअरने सुरू होणारी घरं आहेत: यूआयडी, पीआयडी आणि बहुतेकदा कमांडचं नावही. ती घरं लिहिणाऱ्याला भरता येत नाहीत. ती माहिती जर्नल कर्नलकडून घेतं. यूआयडीच्या घरात शून्याऐवजी १००० दिसलं की कळतं, ही ओळ खऱ्या एसएसएचडीने नव्हे, गल्ल्यावरच्या पोऱ्याने त्याच्या लॉगिनवरून टाकली. एका यंत्रावर तीन-चार जण हात मारतात अशा लॉजमध्ये किंवा सोसायटीत ही माहिती फार कामाची. अर्थात ज्याच्या हाती रूट आहे तो काहीही करू शकतो. तिथे फॉरमॅट कुणालाच वाचवत नाही.

जर्नलला ‘सील’ करायचीही सोय आहे. ‘जर्नलसीटीएल डॅश डॅश सेटअप डॅश कीज’ दिलं की दोन किल्ल्या तयार होतात. एक यंत्रात राहते आणि दर पंधरा मिनिटांनी बदलते, दुसरी पडद्यावर क्यूआर कोड म्हणून दिसते. ती मोबाइलमध्ये घ्या, यंत्रात ठेवू नका. नंतर कुणी मागची नोंद बदलली तर तपासणीत कळतं. पण सील फक्त बदल ओळखतो. सगळी फाइलच पुसली तर त्याच्या हाती काही राहत नाही.

बोटीवरचा टेक्स्ट, वेधशाळेतली बायनरी

हा वाद लिनक्सपुरताच आहे असं समजू नका. हर्ण्यात त्याची दोन्ही रूपं पाहायला मिळतात.

बोटीच्या केबिनमधला जीपीएस सेट प्लॉटरला जी माहिती पाठवतो ती बहुतेकदा एनएमईए ०१८३ या साच्यात असते, आणि तो निव्वळ टेक्स्ट आहे. डॉलरच्या चिन्हापासून सुरू होणारं एक वाक्य, मधे स्वल्पविराम. वेळ, मग स्थिती ठीक असेल तर ए, नसेल तर व्ही, मग अक्षांश, रेखांश, नॉटमधला वेग, दिशा, तारीख. हर्ण्यासमोरच्या सुवर्णदुर्गाच्या आसपास बोट असेल तर अक्षांशाच्या घरात आकडा १७४८ किंवा १७४९ ने सुरू होतो, म्हणजे १७ अंश आणि ४८-४९ कला. लॅपटॉपला केबल जोडली की कुठलाही साधा टर्मिनल प्रोग्राम ही वाक्यं दाखवतो. आणि वाक्याच्या शेवटी एक तारा आणि दोन आकडी खूण असते. डॉलर आणि तारा यांच्यामधल्या सगळ्या अक्षरांवर एक्सऑर ही क्रिया करून ती काढलेली असते. केबलमध्ये पाणी गेलं, एखादं अक्षर बदललं, की खूण जुळत नाही आणि प्लॉटर ते वाक्य फेकून देतो. ‘टेक्स्टमध्ये बिघाड ओळखता येत नाही’ असं जर्नलचे समर्थक म्हणतात तेव्हा मला हा तारा आठवतो. टेक्स्टमध्येही तपासाची खूण घालता येते. सिसलॉगने ती घातली नाही, हा सिसलॉगचा आळस म्हणा, टेक्स्टचा दोष नव्हे.

दुसरीकडे हवामान खातं. हर्णे हे भारतीय हवामान खात्याचं जुनं निरीक्षण-ठिकाण आहे, पावसाळ्यात कोकणातल्या पावसाच्या आकड्यांत हे नाव तुम्ही वाचलं असेल. अशा ठिकाणच्या निरीक्षणांसाठी सिनॉप नावाचा संकेत वर्षानुवर्षं वापरात होता. पाच-पाच आकड्यांचे गट. १०२८४ म्हणजे पहिला १ तापमानाचा, पुढचं ० शून्याच्या वर, आणि २८.४ अंश सेल्सिअस. ४००८२ म्हणजे समुद्रसपाटीचा दाब १००८.२ हेक्टोपास्कल. सरावलेला माणूस हा संदेश वाचून हवा सांगत असे. जागतिक हवामान संघटनेने मात्र जगभरच्या खात्यांना बफर या बायनरी साच्याकडे वळवलं. कारणही सबळ होतं: पाच आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टी वाढल्या, उपकरणाची माहितीही सोबत पाठवावी लागली. बफर वाचायला कोष्टकं लागतात, आणि तुमच्याकडचं कोष्टक जुनं असेल तर नव्या संदेशातला नवा रकाना तुम्हाला वाचता येत नाही.

जर्नलची खरी अडचण हीच आहे. फाइल बिघडण्याची भीती जास्त बोलली जाते, वाचणारं साधन जुनं पडण्याचा धोका कमी. सिस्टिमडीच्या २४६ व्या आवृत्तीपासून जर्नल झेडस्टँडर्ड पद्धतीने आकसता येऊ लागलं, हॅशची रीतही बदलली. २५२ व्या आवृत्तीत आणखी आटोपशीर साचा आला. नव्या यंत्रावरची फाइल जुन्या यंत्रावरच्या जर्नलसीटीएलने उघडायला गेलात की तो ‘आधार नाही’ म्हणून हात वर करतो. उलट मात्र सहसा अडत नाही, नवं जुन्याला वाचतं. म्हणून मेलेल्या यंत्राची डिस्क काढून दुसऱ्या लिनक्सला लावायची असेल तर ते लिनक्स नवं हवं. पिशवीत ताज्या आवृत्तीचा लाइव्ह पेनड्राइव्ह ठेवा. डिस्क लावली की जर्नलसीटीएलला ‘डॅश कॅपिटल डी’ देऊन त्या डिस्कवरच्या जर्नल फोल्डरचा रस्ता सांगा.

बाहेरची प्रत

आता टेक्स्टचा मोठा उपयोग. यंत्र चोरीला गेलं, समुद्राचं पाणी शिरलं, कार्ड जळालं, तर आतला लॉग टेक्स्ट असो वा बायनरी, गेलाच. म्हणून एक प्रत दुसऱ्या यंत्रावर जायला हवी. त्यासाठी आरसिसलॉग बसवा. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवर तो जर्नलसोबत सहसा असतो. डेबियनच्या १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जून २०२३ पासून, तो आपोआप येत नाही, वेगळा बसवावा लागतो. बरेच जण ते नव्याने बसवल्यावर ‘सिसलॉगची फाइल कुठे गेली’ म्हणून शोधत बसतात, त्याचं कारण हे.

दुसऱ्या खोलीतला जुना संगणक पुरेसा आहे. आरसिसलॉगला त्याच्याकडे टीसीपीवरून पाठवायला सांगा, यूडीपी नको, कारण यूडीपीत ओळ हरवली तर कुणाला पत्ता लागत नाही. सोबत डिस्कवरची रांग चालू करा, म्हणजे मधलं नेट गेलं तर ओळी साठून राहतात आणि नेट आल्यावर जातात. प्रत इंटरनेटवरून दापोलीला किंवा पुण्याच्या घरी पाठवत असाल तर टीएलएस लावल्याशिवाय पाठवू नका, त्यासाठी ६५१४ हे पोर्ट ठरलेलं आहे. वेळेचा साचा लांबचा निवडा, वर्ष आणि टाइम झोन असलेला. जर्नलचंही स्वतःचं दूरवर पाठवायचं साधन आहे, पण पाहणाऱ्या माणसाकडे काय असेल हे तुम्हाला सांगता येत नाही. विमा कंपनीचा सर्व्हेअर जर्नलसीटीएल चालवणार नाही. टेक्स्ट फाइल तो मोबाइलवरही उघडेल.

कायद्याची बाजू

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, निगम निकाय आणि सरकारी संस्था यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग सतत १८० दिवस सुरक्षित आणि भारतातच ठेवायचे आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३६ नुसार नोंदणी झालेली सोसायटी निगम निकाय ठरते. त्यामुळे मच्छीमार सोसायटीच्या सचिवांनी हा विषय लेखापरीक्षकाकडे काढायला हवा. याच निर्देशांत घड्याळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळतं ठेवायला सांगितलं आहे. वर घड्याळाबद्दल जे लिहिलं ते पाहता हे सोयीचंच.

इथे एक फसगत होते. जर्नलमध्ये ‘मॅक्सरिटेन्शनसेक’ला सहा महिने दिले की काम झालं असं वाटतं. ती वरची मर्यादा आहे, हमी नाही. जर्नल साधारणपणे त्या डिस्कच्या दहा टक्के आणि जास्तीत जास्त चार जीबी एवढीच जागा घेतं. ती भरली की जुनं गाळायला लागतं, मग महिना दुसरा असो की पाचवा. ‘डॅश डॅश डिस्क डॅश युसेज’ने आज किती जागा गेली ते पाहा, महिन्याच्या वाढीचा हिशेब करा आणि ‘सिस्टिममॅक्सयूज’ त्या मानाने वाढवा. टेक्स्टच्या बाजूला लॉगरोटेटमध्येही हेच: आठवड्याला एक फाइल आणि चारच ठेवायच्या असं असेल तर महिन्याच्या वर काहीच उरत नाही.

प्रकरण पोलिसांत किंवा कोर्टात गेलं तर? महाराष्ट्रातलं जालन्याचं प्रकरण या विषयात देशभर दाखला म्हणून दिलं जातं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला होता का, हा वाद होता. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० च्या निकालात सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर प्रतीसोबत भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून तिथे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं, आणि त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचा हॅश लिहायची जागा आहे.

म्हणून संशय आला की आधी स्क्रीनशॉट काढत सुटू नका. जर्नलच्या मूळ बायनरी फाइली जशाच्या तशा पेनड्राइव्हवर घ्या, टिल्डेवाल्यांसकट. ‘एसएचए२५६सम’ चालवून प्रत्येकीचा हॅश कागदावर लिहा, तारीख-वेळ टाका, दोघांच्या सह्या घ्या. मग वाचायला सोपी म्हणून टेक्स्ट प्रत काढा, तिचाही हॅश घ्या. मूळ कुठलं आणि वाचायची प्रत कुठली हे कागदावर वेगळं लिहा. कोणी कोणत्या यंत्रातून किती वाजता फाइल घेतली, तेही.

ज्यांना या आज्ञा नव्या आहेत त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीतही आहेत. टर्मिनलचे पहिले काही धडे पाहिले की इथलं सगळं जमेल.

राहिली ती वर्षातून एकदा करायची तालीम. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, बर्फाचा खपही बसलेला असतो. त्या दिवसांत एकदा चालू यंत्राची तार मुद्दाम ओढा, अर्थात आधी बॅकअप घेऊन, आणि उठल्यावर मागच्या खेपेतली शेवटची नोंद वीज जायच्या किती सेकंद आधीची आहे ते पाहा. बाहेरच्या प्रतीतल्या शेवटच्या ओळीशी ती ताडून बघा. मग गेल्या हंगामाचा जर्नल फोल्डर वेगळ्याच संगणकावर नेऊन उघडा. उघडला नाही तर नवा लाइव्ह पेनड्राइव्ह लावा, सगळा मजकूर ‘डॅश ओ शॉर्ट-आयएसओ’ देऊन टेक्स्टमध्ये काढा, जीझिप करा आणि मूळ फोल्डराशेजारी ठेवा. नारळी पौर्णिमेच्या आधी हे उरकलं पाहिजे, पुढे कुणाला वेळ नसतो.